वीस फुटांखाली काळा पाषाण लागल्यास

सोलापूर,
रविवार, २१ जानेवारी १९३४

चिरंजीव सिद्धनाथ यास,

वीस महिन्यांनी लिहीत आहे. इतक्या मौनाबद्दल क्षमा माग. म्हणजे मी मागतो. पाहा, पहिल्याच ओळीत हात अडखळला. "प्रकृती ठीक नव्हती" असे पुढे लिहिले होते, ते खोडले. गेल्या पावसाळ्यात डोळ्यांचा थोडा त्रास झाला हे खरे, पण डोळ्यांच्या त्रासात वीस महिने जात नाहीत.

लिहिण्याचे कारण सोमवारचा भूकंप. गड्ड्याची जत्रा चालू होती, त्यामुळे बातमी इथे दोन दिवसांनी आली. मुंगेर गेले, मुझफ्फरपूर गेले. झरियाच्या कोळशाच्या खाणींविषयी एका ओळीत "विशेष नुकसान नाही" एवढेच होते. मी वर्गातला नकाशा काढून पट्टीने अंतर मोजले. मोजून काय कळणार होते कोण जाणे. वर घर पडते हे समजते. खाणीत दोनशे फूट खाली काय होते ते मला ठाऊक नाही. ते तू मला शिकवावेस अशी आता वेळ आहे.

तू झरियाच्या बाजूला आहेस हे मला कसे कळले, ते सांगितले पाहिजे. तुझी आई मला पत्रे आणून दाखवते. मुकादमाचा कारकून तिला वाचून दाखवत असेल असे तुला वाटत असावे. तसे नाही. गेल्या भाद्रपदात वाडी सोडून ती गिरणीत रीळ खात्यात लागली, तेव्हापासून दर रविवारी ती आमच्याकडे येते. पत्र असले तर मी वाचतो, नसले तर आमच्या सौ. दाक्षायणीशी बोलत बसते. तिला अडवायला हवे होते का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारले. अडवले नाही. तुझी खुशाली कळण्याचा दुसरा रस्ता मला नव्हता.

गुरुवारी ती गिरणीतून सरळ आली. केसांत कापूस तसाच होता.

"मास्तर, तिकडं भुई फाटली म्हनत्यात. माजं पोर भुईच्या आत हाय की!"

मी तिला वर्तमानपत्रातली ओळ वाचून दाखवली. ती म्हणाली, "वर असल्यालं बरं का आत असल्यालं बरं, तेवडं सांगा."

मी म्हणालो, "बाई, मला माहीत नाही."

तिने विचारले, "तुमी बी माहीत न्हाय म्हनाय लागलाव व्हय?" ती टोचून बोलली नाही. तिला खरोखर नवल वाटले होते.

दोन ओळी लिही. मला नको, तिला लिही.

महादेवप्पा


सोलापूर,
रविवार, ४ फेब्रुवारी १९३४

चिरंजीव सिद्धनाथ,

तुझे कार्ड आले. माझे पत्र तुला मिळण्याआधीच तू ते टाकलेले दिसते. तू सुखरूप आहेस. दिवे हलले, पंपाच्या नळाला एक चीर गेली, बाकी काही नाही. दाक्षायणीने तुझ्या आईच्या हातावर साखर ठेवली.

"इथे पाणी नको तिथे पाणी निघते, आणि ते रात्रंदिवस उपसून टाकण्याच्या पंपावर मी नोंदी ठेवतो," हे वाक्य मी तिला दोनदा वाचून दाखवले. कारण पहिल्यांदा ती म्हणाली, "काय म्हनतोय? पानी टाकून देत्यात?" मग पदर तोंडाला लावून हसली. "वाडीला धाडा म्हनावं!" हसता हसता ती गप्प झाली.

काशीहून भूगर्भशास्त्रात पहिल्या वर्गात आलेला मुलगा पंपाच्या दट्ट्याचे फेरे मोजतो. यात कमीपणा आहे असे मला म्हणायचे नाही. पण तुझ्या बोटांना दगड कळायचा. आठवीत असताना तू मेंढरांमागून जाऊन ती पांढरी, सुयांसारखी स्फटिके असलेली गारगोटी आणलीस आणि म्हणालास, "मास्तर, ही बाहेरून आत गेलेली न्हाय, आतच उगवल्या." मला ते पुस्तकातून समजायला पुण्यात दोन वर्षे लागली होती. मी तेव्हाच ठरवले की तुला कारकुनी करू द्यायची नाही. ठरवणारा मी कोण, हे मला तेव्हा सुचले नाही.

मध्ये इथल्या एका साप्ताहिकाने "पदवी घेतल्यावर पुढे काय?" अशी लेखमाला काढली. भूगर्भशास्त्र माझ्याकडे आले. चार वेळा लिहायला बसलो. सरकारी सर्वेक्षणात जागा बोटांवर मोजण्याइतक्या, त्यांतही बहुतेक विलायतेहून भरतात. दोन वर्षांपूर्वीच्या काटकसरीने आहेत त्याही कमी झाल्या. कोळशाच्या आणि मँगनीजच्या खाणींना पदवीधर नको, मजुरांना हाकणारा हवा. उरली संस्थाने, सिमेंटचे कारखाने आणि दोन-चार प्राध्यापकी. तयारी म्हणाल तर मोजणी आली पाहिजे, नकाशा हाताने काढता आला पाहिजे, रसायनशाळेत दगड उकलता आला पाहिजे आणि उन्हात पंधरा मैल चालता आले पाहिजे. एवढे लिहून झाले. शेवटी संपादकांना हवा तसा होतकरूंना उपदेश लिहायचा होता, तिथे हात थांबला. लेख परत केला.

तुझ्याविषयी मात्र थांबायचे नाही. सोबत कात्रण जोडतो. दक्षिणेकडच्या एका संस्थानाला खनिज खात्यात साहाय्यक हवा आहे. पहिला वर्ग, वय सव्वीसच्या आत, अर्ज दहा एप्रिलपर्यंत पोचला पाहिजे. शाळेच्या दाखल्याप्रमाणे तुला येत्या जूनला सव्वीस पूर्ण होतात. अशी जागा पुन्हा निघेल तेव्हा तुझे वय बसणार नाही. अट एकच अवघड आहे: पूर्वी कुठे काम केले असल्यास तिथला दाखला. विहीर कमिटीच्या दफ्तरात तुझ्या नावापुढे "अहवाल बेजबाबदार" असा शेरा आहे. तो असेपर्यंत अर्ज करण्यात अर्थ नाही. त्याचे मी पाहतो.

आता जे टाळत आलो ते. तुझ्या कार्डात अकरा ओळी होत्या. मी दहा वाचल्या. "आई, वाचायला कुणाकडेही जा, पण त्या मास्तरांकडे जाऊ नकोस," ही ओळ मी वाचली नाही. डोळा तिच्यावरून गेला आणि तोंड पुढच्या ओळीवर गेले. मला ठरवायलाही लागले नाही, इतके ते सहज झाले.

महादेवप्पा


सोलापूर,
रविवार, २५ फेब्रुवारी १९३४

सिद्धनाथ,

तीन आठवडे तुझे मला काही नाही. असू नयेच.

कमिटीला लिहायच्या पत्राचा मसुदा तिसऱ्यांदा फाडला तेव्हा दाक्षायणी चहा ठेवून म्हणाली, "अय्यो, तुम्हाला खरं बोलायचं असलं तरी आधी कच्चं लिहायला लागतंय!" मी म्हणालो, शब्द नेमके हवेत. "नेमके शब्द घालूनच तर त्या पोराचं वाटोळं केलंत. साकु, पुरे. जसं झालं तसं सांगा."

म्हणून आधी तुलाच सांगतो. तुला सगळे माहीत आहे. पण माझ्या हाताने लिहिलेले तुझ्याजवळ असावे. उद्या कुणाला दाखवायचे झाले तर दाखव.

१९३१च्या दिवाळीनंतर कमिटीने तुझ्या वाडीला विहीर द्यायचे ठरवले. रावजी पाणाड्याने तळहातावर नारळ ठेवून ओढ्याच्या वळणावरची जागा सांगितली. नारळ उभा राहिला म्हणून गाव खूश. तू आठ दिवस ओढा पायी फिरलास, घळीतले थर पाहिलेस आणि वरच्या अंगाची जागा धरलीस. कमिटीचे अध्यक्ष हिंदुराव वकील मला म्हणाले, "मास्तर, नारळवाला छातीठोक सांगतो. तुमचा शास्त्रवाला 'असेल, नसेल' करणार असेल तर आम्ही कुणाला ठेवायचे?" तालुक्याच्या सगळ्या विहिरींसाठी एक तपासनीस नेमायचा त्यांचा विचार होता. तू सात अर्ज करून हरला होतास. ती जागा तुला मिळावी म्हणून मी आतून इतका तापलो होतो की मला दुसरे काही दिसत नव्हते.

तू अहवाल मराठीत लिहून माझ्याकडे दिलास. इंग्रजी शुद्ध प्रत मी करायची होती, कारण माझे अक्षर चांगले. तुझ्या कागदावर शेवटी होते: "मुरमाखाली सच्छिद्र मांजऱ्या दगड दिसतो, त्यात पाणी असण्याचा संभव आहे. परंतु शेजारच्या विहिरींची वैशाखातली पातळी पाहिल्याखेरीज खात्री देता येत नाही. वीस फुटांखाली एकसंध काळा पाषाण लागल्यास काम तेथेच थांबवावे."

मी पहिले वाक्य घेतले. "संभव आहे" याचे "पाणी आहे" केले. पुढची दोन वाक्ये गाळली.

गाळताना मनाशी काय म्हणालो तेही आठवते. म्हणालो, नोकरी मिळू दे, मग हे तोंडी सांगता येईल. नवख्या माणसाने आपल्या शंका पहिल्याच कागदावर मांडू नयेत. वर्गात मी उलट शिकवत आलो होतो.

तू त्या दिवशी पदवीदानाला काशीला निघाला होतास. स्टेशनावर गाडी लागलेली. तुझ्या ट्रंकेवर कागद ठेवून मी टाक पुढे केला. "वाचून घे," असे मी म्हणालो का? मला म्हणाल्याचे आठवते. पण ते मी नंतर स्वतःसाठी रचले असेल तर? तुझे उत्तर मात्र नक्की आठवते. "तुमचं अक्षर हाय मास्तर, वाचायचं काय त्यात?" आणि सही केलीस.

तुझ्या जागेवर काळा पाषाण अठरा फुटांवरच लागला, आणि विसाखालीही तोच होता. लोक थांबले नाहीत. आपल्या ज्ञानूच्या पोराने पाणी आहे म्हणून सरकारी भाषेत लिहून दिले आहे, मग थांबायचे कशाला? अडतीस फुटांवर एक सुरुंग फुटला नाही. वात विझली समजून तुझे आबा पाहायला उतरले.

यापुढे मला लिहिता येत नाही, आणि तुला वाचायची गरज नाही.

चौकशीत हिंदुरावांनी अहवाल मोठ्याने वाचला आणि म्हणाले, "यात शंकेचे एक अक्षर नाही." तू माझ्याकडे पाहिलेस. माझा कच्चा कागद, म्हणजे तुझा मराठी अहवाल, तेव्हा माझ्या कोटाच्या आतल्या खिशात होता. मी तो बरोबर घेऊन आलो होतो, सिद्धनाथ. दाखवायचा म्हणूनच घेऊन आलो होतो. तू वाट पाहिलीस. मग म्हणालास, "चूक माझी झाली." आणि मी ते तुला म्हणू दिले.

महादेवप्पा


सोलापूर,
रविवार, १८ मार्च १९३४

सिद्धनाथ,

काम झाले. बुधवारी कमिटीपुढे तुझा मराठी कागद ठेवला आणि माझी प्रत शेजारी ठेवली. काय केले ते चार वाक्यांत सांगितले. हिंदुरावांनी दोन्ही कागद कितीतरी वेळ पाहिले. मग चष्मा काढून म्हणाले, "मास्तर, हे तेव्हा सांगितले असते तर त्या पोराला मी माझ्या घरी ठेवून घेतले असते." त्यांनी शेरा खोडून सही केली. नवा दाखला सोबत आहे: अहवाल काळजीपूर्वक केला होता, धोक्याची सूचना स्पष्ट होती, दोष नक्कल करणाऱ्याचा. अर्जाचा छापील नमुनाही जोडला आहे. शाळेत पुढच्या वर्षी विज्ञानाचे तास माझ्याकडे राहणार नाहीत असे दिसते. ते योग्यच आहे. त्याचा तुझ्या निर्णयाशी संबंध लावू नकोस.

आज तुझी आई आली होती. तिला सांगितल्याशिवाय हे पाकीट बंद करायचे नाही असे ठरवले होते.

ती दाराशी बसून शेंगा निवडत होती. दाक्षायणीने स्वयंपाकघराचे दार लोटून घेतले. मी उभ्यानेच सांगितले. मध्येच तिने शेंगा खाली ठेवल्या.

"थांबा म्हनून ल्हिवलं हुतं त्येनं?"

"हो."

"किती फुटावर?"

"वीस."

"आन् तुमी ते काडलं."

"हो."

"आमी अडतीसला गेलो." ती माझ्याकडे न बघता भिंतीकडे बघत होती. "वीसला ह्यांनी मला इचारलं हुतं. म्हनले, दगूड लई टनक लागलाय, काय करावं? म्या म्हनलं, पोरानं ल्हिवलंय न्हवं? तवा खांदा." मग पुन्हा, "म्या म्हनलं खांदा."

मी म्हणालो, "बाई, तो दोष तुमचा नाही." माझ्या तोंडून ते किती हलके वाटले.

तिने विचारले, "सिदूला ठावं हाय हे?"

"आहे. पहिल्यापासून."

"मंग मला का बोलला न्हाय?"

याचे उत्तर मी देऊ शकत होतो. तुला माझे नाव राखायचे होते. पण ते मी तुझ्या वतीने कसे सांगू? शिवाय अजून एक सांगायचे राहिले होते. मागच्या कार्डातली "मास्तरांकडे जाऊ नकोस" ही ओळ तिला सांगितली, आणि ती मी वाचली नव्हती हेही.

इतके ऐकल्यावर ती उठली. रडली नाही, शिवी दिली नाही. एवढेच म्हणाली, "म्हंजी मला जे वाचून दावत्यात, त्यात काय असतंय आन् काय नसतंय, मला कसं कळायचं वो?" कनवटीला हात लावून तुझी जुनी कार्डे आहेत का ते पाहिले आणि गेली. निवडलेल्या शेंगा तशाच राहिल्या.

दहा एप्रिल विसरू नकोस. दाखला जपून ठेव. अर्जात वीस फुटांचे वाक्य तुझ्याच शब्दांत दे. जो माणूस कुठे थांबायचे ते सांगू शकतो, त्याची त्यांना गरज आहे. हे मी आधी शिकवायला हवे होते.

महादेवप्पा


सोलापूर,
रविवार, १५ एप्रिल १९३४

सिद्धनाथ,

हे पत्र तुला मिळेल तेव्हा तुझा राग कुणावर असेल मला माहीत नाही. तुझ्या आईवर नसावा, म्हणून जसे घडले तसे ताबडतोब लिहितो.

चार आठवडे ती आली नाही. मी दोनदा चाळीत गेलो. ती खाटेवर पाठ करून बसली. शेजारीण म्हणाली, "कुनाशीच बोलंना झाल्यात. टपाल आलं तरी कुनाकडं जाईनात." हे शब्द माझ्या कानांवर पडले होते. टपाल आले आहे हे मी ऐकले, आणि तिने परवानगी दिल्याशिवाय त्याविषयी विचारायचा मला अधिकार नाही असे मानून मी परत आलो. त्या दिवशी तीस मार्च होता. मी स्वतःला सभ्य समजत घरी आलो.

आज सकाळी ती आली. कनवटीची दोन कार्डे काढून माझ्यापुढे ठेवली.

"वाचा. समदं वाचा. जितं अक्षर हाय तितं बोट ठिवा आन् वाचा."

मी तिला शेजारी बसवले. प्रत्येक शब्दाखाली बोट ठेवून वाचले. तुझी तारीख वाचली, शिक्का वाचला, वरचा पत्ताही वाचला.

पहिले कार्ड बावीस मार्चचे.

"आई, मास्तर वाचत असतील तर त्यांनी सगळे वाचावे. त्यांनी आता तुला सांगितले आहे असे लिहिले आहे. मला नोकरीची एक जागा आहे, दगडांच्या कामाची. आबा ज्या कामात गेले त्यात पुन्हा हात घालू का, हे मला ठरवता येत नाही. मन ओढते हे खरे सांगतो. इथे खाली उतरलो की भिंतीला हात लावून थर मोजत बसतो, लोक हसतात. तू कर म्हणालीस तर करीन. नको म्हणालीस तर पुन्हा नाव काढणार नाही. दहा तारखेच्या आत कुणाकडूनही दोन अक्षरे लिहून पाठव. तुझ्या उत्तराची वाट पाहतो."

ती म्हणाली, "हे कवा आलंय?"

"सव्वीस मार्चला. शिक्का आहे."

"फुडचं वाचा."

दुसरे नऊ एप्रिलचे.

"आई, तुझे उत्तर आले नाही. तुझ्या मनात नाही हे समजलो. अर्ज केला नाही. वाईट वाटून घेऊ नकोस, तू बरोबर आहेस. मी इथे खाणीतल्या सरदारीच्या, म्हणजे मुकादमीच्या, परीक्षेला बसतो आहे. मास्तरांना नमस्कार सांग."

मास्तरांना नमस्कार सांग, हेही मी बोट ठेवून वाचले.

तिने विचारले, "तारीख गेली म्हंजी? मागनं धाडलं तर घेनार न्हाईत?"

मी म्हणालो, "नाही. आणि पुढच्या वेळी त्याचे वय बसणार नाही." यापेक्षा मऊ सांगता आले असते. सांगितले नाही.

दोन्ही कार्डे तिने मांडीवर एकावर एक ठेवली. आत दाक्षायणीच्या हातातले भांडे वाजायचे थांबले होते.

"म्या सांगनार हुते," ती म्हणाली. "कर म्हननार हुते. ह्यांनी बी कर म्हनलं असतं. घरात ठिवलेत की अजून त्येचे दगूड, दिवाळीला पुसून ठिवायचे. कर म्हननार हुते की वो!"

मग रडली. माझ्याकडून काही होण्यासारखे नव्हते. दाक्षायणी बाहेर आली आणि तिच्याजवळ बसली.

थोड्या वेळाने डोळे पुसून ती माझ्याकडे वळली. "तुमी वाचलं न्हाय आन् म्या वाचून घेतलं न्हाय. दोगांनी मिळून पोराचा रस्ता बुजवला."

"बाई, तुमचा यात—"

"ऱ्हाऊ द्या. ल्हिवा."

तिने सांगितले ते तिच्या शब्दांत खाली देतो. लिहून झाल्यावर मी पुन्हा बोट ठेवून वाचले, तिने मान हलवली, मग पुढे गेलो. यात मी काही घातलेले नाही, काही काढलेले नाही.

"सिदू, म्या कर म्हनते. उशीर झाला. तुजं कार्ड माज्याजवळ हुतं, म्या कुनाला दावलं न्हाय. नको म्हून न्हवं. भ्याले हुते, कोन काय वाचल आन् काय गाळंल. तुज्या मनात ऱ्हाऊ नये की आईनं नको म्हनलं. दुसरं कुटं दगडाचं काम असलं तर कर. नसलं तर हात लावून मोज, लोकं हसंनात का. तुजी आई."

निघताना तिने विचारले, "बाईमानसाला या वयात अक्षरं येत्यात का?"

मी म्हणालो, "येतात."

"तुमाला माहीत हाय का नुसतं म्हनताय?"

खरे सांगायचे तर तिच्या वयाच्या बाईला मी कधी शिकवले नाही. "माहीत नाही," म्हणालो. "करून पाहू."

"मंग शिकवा. तुमच्यावर इस्वास हाय म्हनून न्हवं. हितं मला दुसरं कोन हाय? रोज गिरनी सुटली की येईन. त्येचं फुडचं कार्ड यायच्या आत मला त्येचं नाव तरी वळकू आलं पायजे."

दाक्षायणी म्हणाली, "मायाक्का, एका कार्डाइतकं तर पावसाळ्याच्या आत येतंय. मी पण बसते बघा तुमच्या बाजूला, मला ह्यांची इंग्रजी अक्षरं अजून कळत नाहीत." इतक्या दिवसांत पहिल्यांदा तुझी आई किंचित हसली. ते हसू माझ्यासाठी नव्हते. पण ते माझ्या घरात झाले.

तुला आणखी काय लिहू? दुसऱ्या संस्थानांच्या जाहिराती मी पाहत राहीन, सापडेल ती पाठवीन. तू उत्तर दिले नाहीस तरी चालेल. पण आईला पत्र घालताना यापुढे अक्षर मोठे आणि सुटे काढ.

माझी जुनी सवय तुला माहीत आहे. दिवसाच्या शेवटी उद्याचे एकच काम लिहून ठेवतो. आज तेही याच कागदावर लिहितो.

उद्या: शाळेच्या सामानातून न घेता, दुकानातून एक पाटी आणि दोन पेन्सिली आणणे.

महादेवप्पा